न आलेल्या चढाईचा अर्धा गुण

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी नांदेडच्या माझ्या घरमालकांचं नाव घेतो. आईवडिलांचं ऋण वेगळं, शाळेतल्या गुरुजींचं वेगळं. पण आज मी लातूरला गणिताचा मास्तर आहे आणि दोन्ही पायांवर सरळ उभा राहून फळ्यावर लिहितो, ते या माणसामुळं. सगळी गल्ली त्यांना कंट्रोलरकाका म्हणायची. मीही तेच म्हणतो. खरं नाव इथं लिहीत नाही, कारण कागदावर स्वतःचं नाव आलेलं त्यांना खपायचं नाही. दुसऱ्यांची नावं कागदावर लिहिण्यात मात्र त्यांचं निम्मं आयुष्य गेलं.

काका एसटीत कंट्रोलर होते. नांदेडच्या स्टँडवर काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल ते ठरवायचं आणि भोंग्यातून पुकारायचं, ही त्यांची नोकरी. मी त्यांच्याकडं राहायला गेलो तेव्हा ते निवृत्त होऊन थोडेच महिने झाले होते आणि घराला अजून त्याची सवय झाली नव्हती. सकाळी जिन्याखालून हाक यायची, "चहा फलाट क्रमांक एकवर लागलेला आहे. वरच्या मजल्यावरच्या प्रवाशांनी कृपया त्वरा करावी." पाठोपाठ काकू म्हणायच्या, "ये बाबा लवकर, न्हाईतर हे गाडी सोडतेत." आणि ते खरंच सोडायचे. पाच मिनिटं उशीर झाला की माझा कप काकूंनी झाकून ठेवलेला असला तरी काका तो परत भांड्यात ओतायचे. पाहुणा निघणार असेल तर पंधरा मिनिटं आधी सांगायचे, पाच मिनिटं आधी परत सांगायचे आणि वेळ झाली की घड्याळाकडं बघून म्हणायचे, "सुटा."

आवाज मात्र त्यांचा बसलेला होता, घोगरा. मला वाटायचं वयामुळं असेल. एकदा काकूंनी सांगितलं की भूकंपाच्या दिवशी ते पहाटेपासून दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत त्या काचेच्या खोलीतून उठलेच नाहीत. औशाकडं, किल्लारीकडं जाणाऱ्यांची रीघ लागली होती. कुणाची मुलगी तिकडं दिलेली, कुणाचा भाऊ तिकडं नोकरीला. भोंगा मधेच बंद पडला तर काका फलाटावर उतरून तोंडानं पुकारत राहिले. आवाज त्या दोन दिवसांत गेला, तो पुरता परत आलाच नाही. ते स्वतः हे कधी बोलले नाहीत. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "गाड्या सुटल्या. तेवढंच काम होतं."

आमचं गाव शिरूर अनंतपाळपासून जवळ. भूकंपात आमच्या गावात माणूस गेलं नाही, पण घराच्या दोन भिंती पडल्या आणि उरलेल्या दोन वडिलांनी स्वतःच पाडल्या. त्यानंतर आम्ही शेतात पत्र्याखाली राहत होतो. घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. मी कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचो. एका सामन्यात नांदेडच्या एका कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी मला पाहिलं आणि बीएस्सीला प्रवेश मिळवून दिला. वडिलांना बीएस्सी म्हणजे काय ते नीट माहीत नव्हतं, पण खेळाडूंना पोलिसात घेतात हे पक्कं माहीत होतं. मी निघालो त्या दिवशी ते पारावर सगळ्यांना सांगून आले की तीन वर्षांत पोरगं फौजदार होऊन येतंय.

त्याच शिक्षकांनी काकांकडची वरची खोली बघून दिली. काकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"कोपरा कोणता?"

"डावा."

"किती जण येत न्हाईत?"

"म्हंजे?"

"तुझ्याकडं यायचं टाळणारे किती?"

ते म्हणाले, "खोली बघून घे. उत्तर सापडलं की सांग."

हा प्रश्न समजायला मला महिना लागला. कारण तो समजण्यासाठी आधी काकांचा खेळ समजणं भाग होतं.

कबड्डीतलं साधं गणित असं. समोरच्या संघाचा एक जण दम धरून आपल्या अंगणात चढाई करायला येतो. त्यानं कुणाला शिवलं आणि तो मध्यरेषेपलीकडं परतला तर त्याला गुण. त्याला आपण पकडला तर आपल्याला. लोक टाळ्या वाजवतात त्या चढाई करणाऱ्याला. कोपऱ्यात उभा राहून घोटा धरणाऱ्याचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही.

काका आणि त्यांचे तीन मित्र दर वर्षी घटस्थापनेला काकांच्या ओसरीवर बसत आणि येत्या हंगामासाठी कागदावर संघ बांधत. खेळाडू खरे, नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या गावोगावच्या संघांतले. संघ मात्र ह्या चौघांचे. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरायचा आणि एकेकानं एकेक नाव घ्यायचं, प्रत्येकाचे सात होईपर्यंत. एकदा नाव घेतलं की गुढीपाडव्यापर्यंत बदलायचं नाही. दिवाळीनंतर जत्रांचे सामने सुरू झाले की आपल्या सातांनी मिळवलेले गुण वहीत चढायचे. पाडव्याला ज्याचे गुण जास्त, त्याला उरलेल्या तिघांनी वर्षभर "साहेब" म्हणायचं. बाकी बक्षीस काही नाही.

गुण कळायचे कसे? इथं काकांची नोकरी कामाला येई. गावात मुक्कामी गाडी घेऊन गेलेल्या कंडक्टरला संध्याकाळी करायला दुसरं काही नसतं. तो सामना बघायला जाणारच. धर्माबाद, नायगाव, देगलूर, उदगीर, सगळ्या मुक्कामी गाड्यांचे कंडक्टर सकाळी नांदेडला उतरले की काकांच्या घरी एक चिठ्ठी टाकून पुढं जायचे. त्या चिठ्ठीत कुणी किती शिवले, कुणी किती पकडले हे असायचं आणि काकांनी सक्तीचा केलेला एक जादा रकाना असायचा. समोरचा चढाईला आला आणि डाव्या किंवा उजव्या कोपऱ्याकडं फिरकलाच नाही, तर त्या कोपऱ्याच्या नावापुढं एक बारीक रेघ. एका रेघेला अर्धा गुण.

धर्माबादच्या गाडीवरचा एक कंडक्टर एकदा ओसरीवर बसून कुरकुरला, "काका, जे झालं ते मोजतो मी. जे झालंच न्हाई ते कसं मोजू हो?"

"मी पस्तीस वर्षं तेच केलं," काका म्हणाले. "वेळेवर सुटलेली गाडी कुणाला आठवती का? तिच्याबद्दल तक्रार आली न्हाई, हीच तिची नोंद. तू रेघ मार."

आणि गंमत अशी की काकांनी जन्मात कबड्डीचा सामना पाहिला नव्हता. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मैदान होतं, मी स्वतः तिथं खेळत होतो, तरी ते आले नाहीत. म्हणायचे, "बघायला गेलो की डोळा चढाई करणाऱ्याच्या मागं पळतो. कागद कुणाच्या मागं पळत न्हाई."

त्यांच्या तिघा मित्रांपैकी एक निवृत्त गुरुजी होते आणि एक औषधाच्या दुकानाचे मालक. दोघेही काकांचं ऐकून आपापले संघ बांधायचे आणि हरायचे. काकांचं न ऐकणारे एकच, कोपऱ्यावरच्या सलूनचे गफूरभाई. गफूरभाई चढाई करणाऱ्यांचे भक्त. "अरे काका, पब्लिक क्या देखने आती? कोपऱ्यात उभा राहिलेला खांब?" असं म्हणत ते पहिल्या चार पाळ्यांत चार चढाईवाले घ्यायचे. काका पहिल्या पाळीला हमखास डावा कोपरा उचलायचे, बहुतेक वेळा कुणी ऐकलेलाही नसायचा असा. बहुतेक चढाईवाले उजव्या हाताचे, ते आपल्या डाव्या कोपऱ्याकडं वळतात, म्हणून डाव्यावर सगळा भार, असं ते समजावून सांगायचे. गफूरभाई हसायचे. आणि पाडव्याला हातात वस्तरा घेऊन, खुर्चीत बसलेल्या काकांना विचारायचे, "साहेब, मिशी ठेवू का उडवू?"

आता ज्या वर्षाबद्दल सांगायचं ते सांगतो.

पहिल्या वर्षी मी बऱ्याच पकडी केल्या. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर चढाईवाले माझ्याकडं यायला बिचकायला लागले. माझ्या पकडी कमी झाल्या आणि रेघा वाढल्या. मी हिरमुसलो होतो. काका खूश होते. "आता तुला माझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं," म्हणाले. मग नायगावच्या सामन्यात एकाचा घोटा धरून मी मागं ओढत होतो, तेव्हा माझ्या गुडघ्यात काही तरी कटकन वाजलं. मी उठलो, खेळलो. कुणाला सांगितलं नाही. सूज उतरली, पण पाय वळवला की गुडघा आतून निसटल्यासारखा व्हायचा. पट्टा बांधला तर क्रीडाशिक्षक विचारतील म्हणून पट्टाही बांधला नाही. पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या संघात निवड झाली की पोलिसाचं काम होणार होतं. एकच हंगाम काढायचा होता.

आणि नवल म्हणजे नायगावनंतर माझ्या पकडी वाढल्या. सामन्यागणिक चार, पाच. पाडव्याला काकांची वही उघडली तर त्या हंगामात दोन्ही जिल्ह्यांत सर्वांत जास्त पकडी करणारा कोपरा मी होतो. गुरुजींनी माझी पाठ थोपटली. गफूरभाई म्हणाले, "बेटा, पुढच्या साली मीच तुला घेणार. काका घेऊ देणार नाहीत, घरचा माल आहे."

पुढची घटस्थापना आली. चौघं ओसरीवर बसले. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो होतो, खोटं कशाला बोलू, माझं नाव ऐकायलाच बसलो होतो. चिठ्ठी काकांची पहिली निघाली. गफूरभाईंनी कपाळावर हात मारला.

काकांनी चष्मा पुसला आणि धर्माबादच्या एका पोराचं नाव घेतलं. डावाच कोपरा. पण त्याच्या अख्ख्या हंगामातल्या पकडी दोन हातांच्या बोटांवर मोजता आल्या असत्या.

गफूरभाई जवळजवळ ओरडले, "मेरा! हा पोरगा माझा! लिहा, लिहा काका, शाई वाळायच्या आत लिहा!" काकांनी माझं नाव गफूरभाईंच्या संघात लिहिलं. हात जरा थांबला, पण लिहिलं.

मी वर गेलो. जेवायला खाली उतरलो नाही. दोन हाका आल्या, तिसरी आली नाही. मग जिन्यावर पावलं वाजली. दोन वर्षांत काका पहिल्यांदा माझ्या खोलीत आले. हातात वही होती.

"रागावलास."

"न्हाई."

"हाव म्हण. रागावल्यावर हाव म्हणावं." ते खाटेवर बसले, वही उघडली. "हे बघ. नायगावच्या आधीचे सामने. पकडी दोन, एक, दोन. रेघा किती? मोज."

मी मोजल्या. दर सामन्याला पंधरा-सोळा.

"आता नायगावच्या नंतरचे. पकडी चार, पाच, चार. लई भारी. रेघा?"

रेघांचा रकाना कोरा होता. एकाही सामन्यात एकही नाही.

"नायगावपर्यंत लोक तुझ्याकडं यायला भीत होते," काका म्हणाले. "नायगावनंतर प्रत्येक जण तुझ्याकडंच येऊन राहिला. वीस जण आले, त्यातले पाच धरलेस, म्हणून पकडी वाढल्या. सुटलेले पंधरा आपण मोजत न्हाई, ती माझ्या खेळातली चूक. पण ते काहून यायला लागले? माणूस अंधारातसुद्धा भिंतीतली फट हुडकतो. त्यांना काही तरी दिसलं." त्यांनी चष्मा काढला. "गुडघा का घोटा?"

मी खाली बघितलं. "गुडघा."

"कोणता?"

"उजवा."

"बापाला माहीत हाय?"

"कुणालाच न्हाई."

ते बराच वेळ वहीच्या पानावरून अंगठा फिरवत राहिले. मी म्हणालो, "काका, एक हंगाम. फक्त एक. जिल्ह्याला निवड झाली की—"

"येत्या हंगामात तुझी किंमत शून्य," ते म्हणाले. इतक्या शांतपणे की मला आधी कळलंच नाही. "खेळलास तर अर्ध्या हंगामात पाय जाईल. पाय गेला की निवड गेली, आणि परीक्षेला बसायचं मन बी गेलं. दोन्ही शून्य. न्हाई खेळलास तर बीएस्सी राहती. मी कंट्रोलर होतो. चाक ढिलं असताना गाडी सोडली तर ती पोचत न्हाई, वाटेत कुणाचा तरी जीव घेती."

दुसऱ्या दिवशी ते मला हाडाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी गुडघा इकडं तिकडं वळवून पाहिला आणि म्हणाले, वर्षभर खेळ बंद. पुन्हा असाच मुरगळला तर काठी घेऊन चालायची तयारी ठेव. येताना रिक्षात काका एवढंच म्हणाले, "क्रीडाशिक्षकांना मी सांगतो. तुझ्या बापाला तू सांग. ते काम मी घेणार न्हाई."

काकूंना हे सगळं कळल्यावर त्या हसल्या. "कागदात कशाला बघायला पाहिजे होतं? जिना चढताना तू कठडा धरायला लागलास, ते मी ह्यांना होळीलाच सांगितलं होतं."

काका म्हणाले, "जिन्यानं दुजोरा दिला. आधी कागदानं सांगितलं."

"हाव हाव. कागदच जिना चढला."

दिवाळीला मी गावी गेलो. शासनाच्या मदतीतून आमचं नवं घर उभं राहत होतं आणि वडील नव्या भिंतीवर पाणी मारत होते. मी त्यांच्याजवळ उभा राहून सगळं सांगितलं. नायगावपासून डॉक्टरांपर्यंत. ते पाणी मारत राहिले. भिंत वरपासून खालपर्यंत भिजली तरी मारत राहिले.

"मग पोलिसात?"

"न्हाई जमायचं, आबा."

"गावाला सांगून बसलोय मी," ते म्हणाले. त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. निघताना आईनं डबा बांधून दिला. वडील शेतातून आले नाहीत.

तो हंगाम मी वरच्या खोलीत पुस्तकं घेऊन काढला. संध्याकाळी मैदानावरचा गलका ऐकू यायचा. पहिले पंधरा दिवस मी कानात बोटं घालून वाचलं. नंतर गल्लीतली दोन-तीन मुलं गणित विचारायला यायला लागली, मग आठ-दहा. गच्चीवर त्यांना शिकवताना मला गलका ऐकू यायचा थांबला.

इकडं गफूरभाईंची पंचाईत. त्यांनी हौसेनं घेतलेला कोपरा एकही सामना खेळणार नव्हता आणि पाडव्यापर्यंत नाव बदलायचं नाही हा नियम काकांनीच केलेला. केस कापायला गेलो की गफूरभाई कात्री थांबवून आरशातून माझ्याकडं बघायचे. "सात जणांचा संघ घेतला होता मी. सहा उरलेत. सातवा इथं खुर्चीत बसून भांग पाडून घेतोय."

एक दिवस काका वही घेऊन सलूनमध्ये आले. मी तिथंच होतो, अर्धे केस कापलेले. काका उभ्यानंच म्हणाले, "गफूर, धर्माबादचा कोपरा तू घे. हा मला दे."

"नियम?"

"नियम मी केला, मीच मोडतोय. घटस्थापनेलाच मला ठाऊक होतं, याच्या पायात काही तरी बिघडलंय. तू नाव घेतलंस तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. बोललो न्हाई. ती बेइमानी झाली."

गफूरभाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग काकांकडं. "काका, साफ बोला ना. पोरगं आपल्या संघात पाहिजे म्हणून."

"प्रेमाबिमाचा इथं संबंध न्हाई," काका करड्या आवाजात म्हणाले. "वहीचा प्रश्न हाय." आणि गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसून त्यांनी दोन्ही नावं खोडली आणि परत लिहिली. धर्माबादचा तो पोरगा त्या हंगामात भल्याभल्यांनी टाळला. गफूरभाईंच्या पानावर रेघाच रेघा झाल्या. काकांच्या संघात डाव्या कोपऱ्याला माझं नाव होतं आणि त्यापुढं पाडव्यापर्यंत काही नव्हतं.

काका पहिल्यांदा हरले. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सलूनच्या दारात उभं राहून, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, त्या घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, "साहेब, दाढी करायची हाय." गफूरभाईंनी आधी खुर्ची झटकली, मग टॉवेल झटकला, मग खुर्ची परत झटकली. वर्षभर त्यांनी हे पुरवून पुरवून वापरलं.

मी पहिल्या वर्गात पास झालो. निकालाचं वडिलांना पत्र टाकलं, उत्तर आईनं शेजारच्या मुलीकडून लिहवून घेतलं. त्यात वडिलांचा निरोप नव्हता. पुढं काय करायचं हे मला सुचत नव्हतं. काका म्हणाले, "लातूरला जा."

"तिथं काय?"

"जूनमध्ये लातूरला जादा गाड्या सोडाव्या लागतेत. अजून सोडतेत, मी विचारून घेतलं. पोरगं, पेटी, गादी आणि सोबत आई. सकाळच्या गाडीनं भरून जातेत आणि संध्याकाळी नुसत्या आया परत येतेत. गल्लोगल्ली क्लास निघून राहिलेत. जिथं एवढी पोरं उतरतेत तिथं मास्तर लागणारच."

काकांनी कुणाची ओळख दिली नाही, शिफारसही केली नाही. त्यांच्याकडं द्यायला गाडीशिवाय दुसरं काही नव्हतंच. एका कंडक्टरला सांगून खिडकीजवळची जागा धरून ठेवली आणि फलाटावर घड्याळ बघत उभे राहिले. मी पाया पडलो. ते म्हणाले, "सुटा."

लातूरला तिसऱ्या दिवशी मला एका क्लासमध्ये काम मिळालं. त्या वर्षीच्या भाद्रपदात काकांचं कार्ड आलं. चार ओळी, शेवटी एक प्रश्न. त्याला मी जे उत्तर पाठवलं त्याची नक्कल माझ्याकडं आहे. पाठवण्यापूर्वी मी ते दोनदा उतरून काढलं होतं, कारण खाडाखोड काकांना आवडायची नाही.

लातूर, रविवार

तीर्थस्वरूप काकांना शिरसाष्टांग नमस्कार.

आपलं कार्ड पोचलं. काकूंचं दुखणं कमी आहे हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. गुडघा चालताना दुखत नाही, जिना चढताना कठडा लागत नाही. काकूंना मुद्दाम सांगा.

इथल्या संघातल्या डाव्या कोपऱ्याला येत्या हंगामासाठी पहिल्या पाळीला घ्यावं का, असं आपण विचारलं आहे. तीन रविवार त्यांचा सराव आणि एक सामना पाहिला. आपल्या पद्धतीनं रेघा मारल्या. मुलगा उंच आहे, घोट्याची पकड घट्ट आहे. रेघाही पुष्कळ आहेत. परंतु माझं मत घेऊ नका असं आहे. कारण दुसऱ्या रविवारी त्याच्या शेजारचा मध्यरक्षक आला नव्हता आणि त्या दिवशी कोपऱ्यापुढं एकही रेघ पडली नाही. म्हणजे लोक भितात ते शेजाऱ्याला, कोपऱ्याला नव्हे. तो शेजारी मागच्या आठवड्यात पोलिसात भरती झाला, आता तो खेळणार नाही. मी त्याचं अभिनंदन करून आलो. मनापासून केलं. तेव्हा हा कोपरा चौथ्या पाळीपर्यंत थांबवावा. गफूरभाईंना घ्यायचा असेल तर या वेळी त्यांना आधी सांगावं.

सुटलेल्या चढाया आपण मोजत नाही, ही खेळातली चूक आपणच दाखवली होती. मी या वेळी त्या वेगळ्या लिहून ठेवल्या आहेत. सोबत कागद जोडतो.

आणखी एक कळवायचं आहे. बुधवारी वडील लातूरला आले. न कळवता आले. मी वर्गावर होतो. साठ-पासष्ट मुलं आहेत, बाकं कमी पडतात म्हणून काही खाली बसतात. वडील दारात उभे होते ते मला दिसलं, पण गणित मधेच होतं म्हणून मी थांबलो नाही. ते तासभर तसेच उभे राहिले. आत बोलावलं तरी आले नाहीत.

नंतर त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागायला वेळ होता, तेव्हा म्हणाले, "एवढी पोरं गप बसत्यात व्हय रं तुझ्यापुढं?"

मी म्हणालो, "बसत्यात."

त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "फौजदारापुढं बी एवढी गप बसत न्हाईत."

गाडीत चढल्यावर खिडकीतून मला जवळ बोलावलं आणि हे नांदेडच्या तुझ्या काकांना कळव, असं सांगितलं. म्हणून कळवतो आहे.

आपला,
वरच्या खोलीतला